खरखरीत हात आणि काट्याची पावती

गेल्या ऑक्टोबरात आमच्या महाविद्यालयात परदेशी उच्चशिक्षणावर एक कार्यशाळा झाली. दोन पाहुणे बोलावले होते. पहिल्यांनी बजावलं, “एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या हेतुनिवेदनात, घर, गाव, जात, गरिबी यांतलं काहीही आणू नका. तुम्ही संशोधन करायला निघालाय, वर्गणी मागायला नाही.” चहानंतर दुसरे उभे राहिले. “तुमची कहाणी हेच तुमचं भांडवल. पहिल्या परिच्छेदात वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तर दुसरा परिच्छेद कोणी वाचत नाही.” समोर शंभरेक मुलं. काहींनी पहिलं लिहून घेतलं, काहींनी दुसरं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं दोन्ही लिहून घेतलं आणि मग वहीकडे बघत बसली. पुढचा आठवडाभर हाच वाद स्टाफरूममध्ये चालला. एक सहकारी म्हणाले, “पोरं गरिबी विकून बोस्टनला जातात.” डबा बंद करता करता एका बाईंनी उत्तर दिलं, “तुमच्या पोराकडे विकायला काही नव्हतं, तरी गेलाच की.” हशा झाला आणि वाद तिथेच राहिला.

तो तिथेच राहणार होता, कारण दोन्ही बाजूंनी पार्श्वभूमी या शब्दाचा एकच अर्थ धरला होता: दुःख. एकाला ते झाकायचं होतं, दुसऱ्याला मांडायचं. स्थळ बघताना आपण ‘चांगल्या पार्श्वभूमीचं घर’ म्हणतो. प्रवेशअर्जाचा विषय निघाला की मात्र पार्श्वभूमी फक्त गरिबाला असते, आणि ती सांगावी की नाही यावर बाकीचे चर्चा करतात. माझं म्हणणं साधं आहे. पार्श्वभूमी ही अर्जातली माहिती आहे. तुमच्या गुणपत्रिकेतलं किंवा तुमच्या संशोधनाच्या प्रश्नातलं काही तिच्यावाचून कळत नसेल, तर ती लिहा. जेवढ्यानं कळेल तेवढीच लिहा. तिच्यावाचून कळत असेल तर सोडून द्या. हा नियम नंदुरबारच्या मुलाला आहे तसाच कोथरूडच्या मुलीलाही आहे.

त्याच महिन्यात एक विद्यार्थी मसुदा घेऊन माझ्याकडे आला. बीड जिल्ह्यातला, अर्थशास्त्रात एम.ए., अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज करत होता. आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे जाणारे. मसुदा एका सल्लागारानं पैसे घेऊन ‘पॉलिश’ करून दिलेला. सुरुवात अशी: पहाटेचं धुकं, उसाचा फड, आईच्या खरखरीत हातात चकाकणारा कोयता. इंग्रजी निर्दोष होतं. अडचण एवढीच की त्या हिवाळ्यात माझ्यासमोर आलेल्या मसुद्यांपैकी तीन आईच्या हातांनी सुरू होत होते आणि तिन्ही हात खरखरीत होते. त्यातल्या एका मुलीची आई बँकेत अधिकारी आहे. मी त्यांना ओळखतो.

मी त्याची गुणपत्रिका काढली. एस.वाय.ला, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, सांख्यिकीत केटी, म्हणजे विषय राहिलेला. ज्याला परिमाणात्मक संशोधन करायचंय त्याच्या कागदांत ही एक ओळ कोणाच्याही नजरेत खुपणार. “अरे, ही केटी कशी लागली?” तो म्हणाला, “सर, पेपर नोव्हेंबरात होता. मी फडावर होतो.” मला वाटलं, हात कमी पडत असतील म्हणून तोडणीला गेला असेल. तर म्हणे, “तोडायला नाही, हिशोबाला.” आणि मग अर्ध्या तासात त्यानं मला जे सांगितलं, त्यातला एक शब्दही त्या मसुद्यात नव्हता. मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मजुरी टनावर, आणि टन ठरतो कारखान्याच्या काट्यावर, जिथे तोडणारा माणूस सहसा नसतो. हंगाम संपला की उचल आणि मजुरी यांची वजाबाकी होते, आणि बऱ्याच घरांत उत्तर असं येतं की पुढच्या वर्षीही यायला लागेल. वडिलांच्या टोळीचा हिशोब सलग तीन वर्षं बसत नव्हता. म्हणून हा एक दोनशे पानी वही घेऊन गेला. रकाने आखले: तारीख, गाडी, खेप, मोळ्या, काट्यावरचं वजन. ड्रायव्हरकडून पावत्यांचे फोटो काढून घेतले. एका मोळीमागे वजन किती पडतं हे खेपेखेपेला काढलं, आणि त्यातला फरक उसाच्या जातीनं आणि वाळण्यानं किती पडू शकतो याचा अंदाज लावत बसला. म्हणजे सांख्यिकीचा पेपर बुडवून हा पोरगा सांख्यिकीच करत होता. सल्लागारानं ती वही मसुद्यातून काढली होती. म्हणाला, फार रूक्ष वाटतं.

इथे थांबून पहिल्या पाहुण्यांची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती हलकी नाही. ते म्हणतात, व्यथा सांगण्याची सक्ती झाली की व्यथेचा बाजार होतो. खरं आहे, झालाच आहे. ठरावीक साचा आहे: अंधार, एक प्रसंग, एक गुरू, जिद्द, उजेड. साचा आला की नकला येतात, नकला आल्या की खऱ्यावरही संशय येतो. ज्याला आपलं घर अनोळखी माणसासमोर उघडं करायचं नाही, त्याला हा साचा दंड करतो. आणि वाचणाऱ्याची भूक कशाची असेल ते लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. आपल्याकडची याची एक जुनी गोष्ट आहे. 1880 साली गोपाळराव जोश्यांनी बायकोच्या, म्हणजे आनंदीबाईंच्या, वैद्यकीय शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलं. वाइल्डरनं ते आपल्या नियतकालिकात छापलं आणि उत्तरात सुचवलं की आधी ख्रिस्ती व्हा. पत्रात एका बाईची डॉक्टर होण्याची इच्छा होती. वाचणाऱ्याला त्यात एक धर्मांतर दिसलं. तेच छापील पत्र न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडलं, त्यांना त्यात माणूस दिसला, आणि पुढचा इतिहास घडला. आपली हकिगत परक्याच्या हाती देणं ही अशी बेभरवशाची गोष्ट आहे, हे मला पूर्ण मान्य आहे.

पार्श्वभूमी विचारण्याचा इतिहासही काही सोवळा नाही. 1922 च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण एक पंचमांशाच्या वर गेलं आणि अध्यक्ष लॉवेल अस्वस्थ झाले. परीक्षेतल्या गुणांवर त्यांना अडवता येत नव्हतं. मग अर्जात नवे प्रश्न आले: वंश आणि वर्ण कोणता, धर्म कोणता, आईचं माहेरचं आडनाव काय, वडिलांचा जन्म कुठला, आणि सगळ्यात बोलका प्रश्न हा की जन्मापासून तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का, केला असल्यास सविस्तर लिहा. पुढे ‘चारित्र्य’ नावाची मोघम कसोटी आली, फोटो आला. म्हणजे गुणांपलीकडचा ‘संपूर्ण माणूस’ बघायची ही थोर पद्धत काही माणसांना बाहेर ठेवायला कामी आली होती. आपल्याकडे आडनाव ऐकून पुढचा प्रश्न ‘गाव कुठलं’ असा येतो, त्याचाच हा अटलांटिकपलीकडचा भाऊ.

तरीही पहिल्या पाहुण्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. ते म्हणतात, गुण आणि काम बोलू द्या. पण गुण स्वतःहून बोलतात कुठे? समितीसमोर दोन कागद आहेत. एकावर अठ्ठावन्न टक्के आणि एक केटी. दुसऱ्यावर चौऱ्याहत्तर टक्के, दोन उन्हाळी इंटर्नशिप, एका नामवंत संस्थेतल्या संचालकांचं शिफारसपत्र, आणि लहानपणापासून इंग्रजीत वाढल्याशिवाय येत नाही असं इंग्रजी. दुसऱ्या कागदावर पार्श्वभूमी लिहिलेली नाही, असं कोणी म्हणेल का? ती ओळीओळीत लिहिलेली आहे, फक्त तिथे तिचं नाव गुणवत्ता आहे. पगार न घेता दोन महिने दिल्लीत राहून काम करता येणं ही घरच्या पैशाची गोष्ट आहे. संचालक ओळखीचे असणं ही घरच्या ओळखीची. म्हणून ‘पार्श्वभूमी लिहू नका’ हा सल्ला ऐकायला सर्वांना समान असला, तरी त्यानं एकाचीच पार्श्वभूमी गाळली जाते. दुसऱ्याची अर्जभर पसरलेली तशीच राहते.

कोथरूडच्या मुलीचा उल्लेख मी उगाच केला नव्हता. पुढच्या बाकावर दोन्ही सल्ले लिहून घेणारी तीच. ती एकदा आली आणि जवळजवळ अपराधी चेहऱ्यानं म्हणाली, “सर, मला सांगण्यासारखं काही झालंच नाही. आजोबा गेले कोविडमध्ये, ते घालू का?” मी म्हटलं, “आजोबांना राहू दे. तुला त्या तीन इंटर्नशिप कशा जमल्या ते लिही.” तिनं एक वाक्य लिहिलं: घरून खर्च चालत असल्यामुळे बिनपगारी काम करता आलं, आणि त्यातल्या तिसऱ्या ठिकाणी जे दिसलं त्यातून हा प्रश्न सुचला. एवढंच. वाचणाऱ्याला तिच्या कामाचं वजन नीट करता येतं, आणि ती स्वतःबद्दल खरं बोलते हेही कळतं. सुखवस्तू घरातल्या मुलांनी हे एक वाक्य लिहायची पद्धत पडली असती, तर गरीब मुलांना पानभर लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्या पाहुण्यांना उत्तर देणं जास्त अवघड आहे, कारण त्यांच्यामागे खरा इतिहास उभा आहे. ज्यांना शतकानुशतकं बोलू दिलं नाही, त्यांना आता ‘मोजकं बोला’ म्हणणारा मी कोण? हा प्रश्न मला एका विद्यार्थ्यानं तोंडावर विचारला आहे आणि मला तो आवडला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून मराठीत दलित आत्मकथनं आली तेव्हाही ‘हे कशाला चव्हाट्यावर’ म्हणणारे होतेच, घरात आणि घराबाहेर. ती लिहिली गेली म्हणून आपल्या सगळ्यांच्या भाषेत कितीतरी शब्द आले, कितीतरी गोष्टी यापुढे नाकारता येईनाशा झाल्या. पण त्या वाचनाची एक बाजू विसरायला नको. मध्यमवर्गीय समीक्षकानं ‘दाहक अनुभव’ असा शिक्का मारला आणि तो पुढे निघाला. अनुभवाला दाद दिली, लेखकाच्या विचाराशी भांडायची तसदी मात्र फार थोड्यांनी घेतली. प्रवेशसमिती हा तर त्याहून कोरडा वाचक. तिच्यापुढे शेकड्यांनी अर्ज असतात, तुमच्या वाट्याला दोन पानं येतात, आणि तिला कळून घ्यायचं असतं ते हे की या माणसाला संशोधनाचा प्रश्न धरता येतो का, पाच-सहा वर्षं तो धरून ठेवता येईल का, आणि इथे त्याला मार्गदर्शन कोण करणार. डोळ्यांत पाणी आणणं हे यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. ज्याच्याकडे वही आहे त्याला हात पुढे करायला लावणं म्हणजे त्याच्या बुद्धीवर पांघरूण घालून त्याच्यासाठी दया मागणं.

या बाजूला हल्ली अमेरिकेतल्या निकालाचा दाखला दिला जातो. 29 जून 2023 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत बंद केली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यातच एक वाट ठेवली: वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदारानं लिहिलं तर विद्यापीठाला ते विचारात घेता येईल. लोक इथपर्यंत वाचतात. पुढची अट अशी की त्या अनुभवाची सांगड अर्जदाराच्या एखाद्या गुणाशी किंवा क्षमतेशी लागली पाहिजे. त्याच्याकडे व्यक्ती म्हणून बघायचं, वंशाचा नमुना म्हणून नाही. निकाल बरोबर की चूक यावर मोठा वाद आहे आणि त्यानं कहाणी सांगण्याचा सगळा भार अठरा-वीस वर्षांच्या पोरांवर टाकला ही टीका मला रास्त वाटते. पण आपल्याकडे त्याचा जो अर्थ पसरलाय, की तिकडे आता कहाणीवरच प्रवेश मिळतो, तो निकालातून निघत नाही. शिवाय अमेरिकी विद्यापीठात वंशावर राखीव जागा ठेवणं 1978 च्या ‘बाकी’ (Bakke) नावाच्या खटल्यापासूनच बेकायदा आहे, आणि भारतातून जाणारा विद्यार्थी तिथल्या हिशोबात परदेशी विद्यार्थी म्हणून वेगळा धरला जातो. ‘गरिबी विकून बोस्टनला’ म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

दोन्ही पाहुण्यांच्या सल्ल्यातला फरक कुठून आला हे मला नंतर कळलं. पहिले इंग्लंडात शिकले होते, दुसरे अमेरिकेत. ऑक्सफर्डच्या अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या सूचनांतच लिहिलेलं असतं की निवेदनात वैयक्तिक गोष्टींपेक्षा अभ्यासाबद्दल आणि संशोधनाबद्दल लिहा. उलट बर्कलीला दोन वेगळी निवेदनं मागतात: एकात अभ्यासाचा हेतू, दुसऱ्यात तुमच्या कौटुंबिक, आर्थिक, सामाजिक अनुभवांनी तुम्हाला इथवर कसं आणलं ते. घराण्यात पहिल्यांदा कॉलेजात गेलेले आहात का, हेही तिथे लिहायला सांगतात. म्हणजे प्रश्नपत्रिकाच वेगळ्या होत्या आणि दोघंही आपापलं उत्तर सगळ्यांना पाठ करायला सांगत होते. अर्जात काय विचारलंय ते आधी वाचा, एवढं कोणी सांगितलं असतं तर कार्यशाळा वीस मिनिटांत आटोपली असती. चहा मात्र बुडाला असता.

यावर उपाय म्हणून काहीजण म्हणतात, मुलाला लिहायलाच कशाला लावता, संस्थेनं फॉर्ममध्ये रकाना ठेवावा. हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. आपल्याकडे त्याचा नमुनाही आहे. जेएनयूमध्ये जनगणनेच्या आकड्यांवरून मागास ठरलेल्या जिल्ह्यात शिकलेल्या विद्यार्थ्याला प्रवेशात थोडे जादा गुण मिळत. कोणाला कहाणी सांगायला लागत नव्हती, कोणी कहाणी बनवू शकत नव्हतं. अशा जिल्ह्यातल्या मुलानं शाळेचा जिल्हा लिहायचा आणि मान वर करून मुलाखतीला जायचं. 2017 मध्ये एम.फिल. आणि पीएचडीच्या प्रवेशातून ही पद्धत गेली, आणि तिच्याबरोबर एक समंजस गोष्ट गेली असं माझं मत आहे. असे रकाने सगळीकडे यावेत. पण रकान्याला केटीचं कारण सांगता येत नाही, आणि काट्यावरच्या वजनाबद्दल प्रश्न का पडला हे तर मुळीच सांगता येत नाही. रकाना अन्याय मोजतो. माणूस त्या अन्यायाकडे बघून काय शिकला, ते त्याला स्वतःलाच लिहायला लागतं.

आणि रकान्यांची आपल्याला सवय तरी किती! शिष्यवृत्तीवर शिकणारा मुलगा अकरावीपासून जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला घेऊन तहसील आणि समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवतो. इतकी वर्षं शिक्क्यानिशी सिद्ध केलेली गोष्ट आता त्यानं ललित इंग्रजीत पुन्हा सिद्ध करावी अशी अपेक्षा असते. त्यातही गंमत बघा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे, म्हणजे अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन मजूर यांच्या मुलांसाठी असलेल्या योजनेचे नियम 2022 मध्ये बदलले. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातल्या समाजाचा अभ्यास हे विषय त्यातून वगळण्यात आले. तुझी पार्श्वभूमी दाखला म्हणून आण, विषय म्हणून आणू नकोस! स्टाफरूममध्ये यावर मात्र कोणी आठवडाभर भांडलं नाही.

जातीबद्दल वेगळं बोलायला हवं. गरिबी लिहिणं आणि जात लिहिणं यांत जोखीम सारखी नाही. गरिबी ओलांडली असं म्हणता येतं, जात तशी ओलांडता येत नाही, आणि समितीत किंवा पुढे प्रयोगशाळेत भारतीय माणूस असला तर ती ओळ कोण कशी वाचेल याची खात्री नाही. हे कल्पनेतलं भय नाही. ब्रँडाइस विद्यापीठानं 2019 मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं 2022 मध्ये, सिएटल शहरानं 2023 मध्ये. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं मंजूर केलेलं तसं विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी नाकारलं. जात विमानातून उतरते, हे तिथल्या संस्थांनी कागदावर मान्य केलेलं आहे. म्हणून कोणी ती ओळ लिहायची नाही असं ठरवलं, तर त्याला भित्रा म्हणायचा हक्क मला नाही, आणि लिहायची ठरवली तर त्याला लाभार्थी म्हणायचा हक्क माझ्या सहकाऱ्यांना नाही.

इथे हमखास बाबासाहेबांचं उदाहरण दिलं जातं, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी. 1913 मध्ये सयाजीरावांच्या बडोदा संस्थानाची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियात गेले. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्यानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यात गोणपाटावर वेगळं बसवलेला मुलगा नाही, पाणी नाकारणारं गाव नाही. आहे तो युक्तिवाद: जातीचं मूळ यंत्र म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, आणि त्यापायी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह कसे येतात त्याची मांडणी. पहिली बाजू म्हणते, बघा, त्यांनी स्वतःबद्दल अक्षर लिहिलं नाही. पण हेच बाबासाहेब जवळजवळ वीस वर्षांनी लहानपणीचा सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावचा प्रवास, बैलगाडी, न मिळालेलं पाणी हे सगळं तपशिलानं लिहितात, आणि लिहितात ते मुख्यतः परदेशी वाचकासाठी, ज्याला अस्पृश्यता ऐकून माहीत असते पण तिचा जाच कळत नाही. दुसरी बाजू म्हणते, बघा, लिहिलं! दोघांनाही एक दिसत नाही. चर्चासत्रात मुद्दा सिद्ध करायला त्या आठवणींची गरज नव्हती, म्हणून त्या नाहीत; नंतर परक्याला वस्तुस्थिती समजावताना त्यांच्याखेरीज दुसरा पुरावा नव्हता, म्हणून त्या आहेत. माणूस तोच, जगणं तेच. कुठे काय कामाचं ते त्यानं ठरवलं.

आनंदीबाईंचं पत्रही असंच वाचावं. जून 1883 मध्ये अठरा वर्षांच्या या मुलीनं पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलं. त्यातला आज सगळीकडे दिला जाणारा उतारा बघा. आप्तमित्रांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध असूनही ज्या निर्धारानं मला इथवर आणलं, तोच निर्धार मला माझं काम तडीला न्यायला उपयोगी पडेल, असं ती म्हणते. आणि लगेच काम सांगते: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत देणं. विरोध एका उपवाक्यात, तोही निर्धाराचा पुरावा म्हणून. चौदाव्या वर्षी तिचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. त्या उताऱ्यात त्याचा उल्लेख नाही. पुढे तिनं प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. अर्थात तिला ‘माझी जात विरोधात आहे’ असं निःसंकोच लिहिता आलं, कारण ती ज्या जातीची होती तिचं नाव सांगायला कोणी घाबरत नव्हतं. एवढा फरक लक्षात ठेवूनच तिचा कित्ता गिरवायचा.

बीडच्या त्या मुलानं मसुदा नव्यानं लिहिला. धुकं गेलं, हात गेले. दुसऱ्या परिच्छेदात चार वाक्यं आली: केटी कोणत्या सत्रात आणि का, ‘कोयता’ म्हणजे मजुरीच्या हिशोबातलं कोणतं एकक, वहीत किती खेपांची नोंद आहे, आणि त्या नोंदींतून उभा राहिलेला प्रश्न. बाकी दीड पान त्या प्रश्नाचं. मी एक वाक्य लाल शाईनं काढलं होतं, ज्यात आई होती. मला वाटलं, सल्लागाराची सवय अजून गेली नाही.

तो दुसऱ्या दिवशी ते वाक्य परत घालून आला. मी वैतागून म्हटलं, “अरे, पुन्हा आई?”

“सर, मोळ्या मी नाही मोजल्या. मी निम्मे दिवस काट्यावर असायचो. मोळ्या आईनं मोजल्या. तिला लिहिता येत नाही, पण कुठल्या खेपेला किती मोळ्या चढल्या ते रात्री कोपीवर, आमच्या झोपडीवर, आल्यावर ती ओळीनं सांगायची, मी लिहून घ्यायचो. हे नाही लिहिलं तर आकडे कुठून आणले असं विचारतील ना?”

मी अठरा वर्षं संशोधन पद्धती शिकवतोय. वाक्य राहिलं, फक्त पहिल्या परिच्छेदातून ते खाली नेलं, जिथे वजनाच्या पावत्यांबद्दल लिहिलं होतं तिथे.